राखेंतील स्फुरद

पिंपळगांव बसवंतच्या बाजारसमितीच्या फाटकाशीं सकाळीं उभें राहिलें म्हणजे माल बाहेर जातांना दिसतो. कांद्यानें भरलेल्या मालमोटारी एकामागून एक मुंबई-आग्रा रस्त्याला लागतात. हंगामाप्रमाणें कधीं टोमॅटो असतो, कधीं द्राक्षांच्या पेट्या असतात. तेथें उभा असलेला मनुष्य क्विंटल मोजतो आणि भाव विचारतो, आणि त्याच्या संसाराच्या दृष्टीनें तेंच माप खरें आहे. श्रोतेहो, मी मात्र आज आपणांस निराळें एक माप सुचविणार आहें. शंभर ग्रॅम कांद्यांत सुमारें ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणजे दहा टन कांद्याची एक मालमोटार गांवाची वेस ओलांडते तेव्हां निफाड तालुक्याच्या काळ्या जमिनींतला सुमारें तीन किलो फॉस्फरस तिच्याबरोबर निघून जातो. आंकडा लहान दिसतो. परंतु अशा मालमोटारी दिवसाला किती आणि वर्षाला किती, हें पिंपळगांवकरांस मीं सांगावयास नको.

गेलेलें परत येत नाहीं, म्हणून त्याच्या जागीं गोणींतून नवें आणावें लागतें. हें नवें येतें कोठून? उदयपुराजवळ झामरकोटडा येथें १९६८ सालीं या द्रव्यानें युक्त अशा खडकाचा मोठा सांठा सांपडला खरा. तरीहि आपल्या देशाची बहुतेक गरज परदेशी खडक, परदेशी आम्ल किंवा परदेशांतून आलेलें तयार खत यांवरच भागते. मोरोक्को आणि जॉर्डन या देशांतील वाळवंटी खाणींचें सत्त्व पिंपळगांवच्या द्राक्षवेलीला लागतें, द्राक्षांतून व कांद्यांतून तें मुंबईकरांच्या पोटांत जातें, आणि तेथून गटारांच्या वाटेनें अरबी समुद्राला मिळतें. असा हा एकेरी रस्ता आहे. तो नेहमींच एकेरी होता काय, आणि आतां तो वळवितां येईल काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

या द्रव्याला आमचा शेतकरी स्फुरद म्हणतो. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आतां खेड्यांतील शाळकरी पोरांच्याहि तोंडीं आहे, आणि द्राक्षबागाइतदार तर नुसत्या आंकड्यांनींच बोलतो : बारा-एकसष्ट सोडलें, झिरो-बावन्न-चौतीस फवारलें. या दोहोंतला मधला आंकडा स्फुरदाचा. एप्रिलांतील खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाचा घड गुपचूप तयार होत असतो, आणि त्या वेळीं स्फुरद कमी पडूं नये म्हणून बागाइतदार जिवाचें रान करतो. स्फुरद हा शब्द ज्या कोणीं प्रथम योजला त्याचें मला फार कौतुक वाटतें. फॉस्फरस या ग्रीक नांवाचा अर्थ प्रकाश वाहणारा. आणि आमच्या भाषेंत स्फुरणें म्हणजे चमकणें, थरथरणें, आंतून उसळून येणें. दोन्ही अर्थांची गांठ एका शब्दांत पडली आहे.

तें प्रथम चमकलें तें हँबुर्ग शहरांत. हेनिग ब्रांट नांवाच्या किमयागारानें १६६९ सालीं तें वेगळें काढलें. त्याला पाहिजे होतें सोनें. मूत्राचा रंग पिवळा, तेव्हां त्यांत सोन्याचा अंश असावा, असें त्या काळच्या किमयागारांस वाटे. ब्रांटनें मूत्र सांठविलें, सडविलें, आटविलें, आणि अखेर जो चिकट काळा गाळ उरला तो भट्टींत तापविला. सोनें मिळालें नाहीं. पण अंधारांत आपोआप उजळणारा मेणासारखा एक पदार्थ हातीं आला. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं स्वीडन देशांत गान आणि शेले या रसायनज्ञांनीं तोच पदार्थ प्राण्यांच्या हाडांत असल्याचें दाखविलें. मूत्र आणि हाड! जें आमच्या समाजानें अत्यंत अमंगळ मानलें, ज्याचा स्पर्श झाला असतां स्नान करावें असें सांगितलें, त्या दोन ठिकाणींच पिकाचा प्राण सांठलेला निघाला.

आमच्या पूर्वजांस फॉस्फरस ठाऊक नव्हता, परंतु राख ठाऊक होती. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगरी भागांत भात-नागलीच्या रोपांसाठीं राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. उन्हाळ्यांत वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या आणि वर थोडी माती असे थर रचावयाचे, वाऱ्याचा रोख पाहून आग लावावयाची, आणि पाऊस पडला कीं त्या राखेंतच बीं पेरावयाचें. जंगलखात्याचा या चालीवर मोठा रोष होता. ठाणें-कुलाब्याकडील राबाचा तंटा तर मुंबई इलाख्याच्या वनआयोगापर्यंत गेला, आणि त्या आयोगाचा अहवाल १८८७ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याचें म्हणणें एकच होतें : राबावांचून रोप धरत नाहीं. सपाटीवरच्या घरांतहि राखेचा असाच मान होता. माझ्या आजीच्या परसांत चुलींतील राख कधीं उकिरड्यावर गेली नाहीं. ती दुधीभोपळ्याच्या आळ्यांत पडे.

आग काय करते तें येथेंच समजून घेऊं. लांकडांत, शेणांत किंवा मैल्यांत जो नत्र असतो तो जळतांना धुराबरोबर उडून जातो. स्फुरद उडत नाहीं. तें राखेंत बसून राहतें. पालाशाचेंहि तसेंच. म्हणून गोवरी जाळणाऱ्या गृहिणीनें नत्र गमावला असें म्हणतां येईल, पण राख शेतांत नेली तर तिनें स्फुरद गमावलें असें म्हणतां येणार नाहीं. एवढी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें जर्मनीतील भट्टीपाशीं आपणांस तिचीच गरज पडणार आहे.

राख आणि हाड यांचा दोष मात्र एक आहे. त्यांतील स्फुरद चुन्याशीं घट्ट बांधलेलें असतें. आंबट जमिनींत तें हळूहळू सुटतें. निफाडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत तें फारसें सुटत नाहीं. इंग्लंडांतील शेतकरी हाडांचा भुगा शेतांत टाकीत, आणि कांहीं जमिनींत गुण येई, कांहींत येत नसे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८४० सालीं आपल्या ग्रंथांत हाडांवर आम्ल घालण्याचा मार्ग सुचविला, आणि रॉथॅमस्टेडचा जमीनदार जॉन बेनेट लॉज यानें १८४२ सालीं गंधकाम्लाच्या कृतीचें पेटंट घेऊन सुपर फॉस्फेट नांवाचें खत विकावयास काढलें. दगडासारखें जें बांधलेलें होतें तें आम्लानें पाण्यांत विरघळूं लागलें. जगांतील रासायनिक खतांचा धंदा येथून सुरू झाला, आणि त्या धंद्याला लागणाऱ्या हाडांसाठीं युरोपांतील रणांगणेंहि खणून काढल्याच्या हकीकती आहेत.

ही भूक हिंदुस्थानापर्यंत पोंचल्यावांचून राहिली नाहीं. गांवोगांव माळावर पडलेलीं जनावरांचीं हाडें गोळा होऊन बंदराकडे जाऊं लागलीं आणि जहाजांनीं परदेशीं रवाना होऊं लागलीं. १८८९ सालीं डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ येथील शेतीच्या पाहणीसाठीं आले. त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. हाडें बाहेर जातात म्हणजे जमिनीचा कस बाहेर जातो, हें त्यांनीं मांडलें. साहेबलोकांत त्या वेळीं एतद्देशीय शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याची फॅशनच होती. पण व्होल्कर त्या पंथाचे नव्हते. शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानानें नव्हे, तर त्याच्याजवळ सरपण नाहीं म्हणून, असें त्यांनीं स्वच्छ लिहून ठेवलें आहे. हाडें इकडून जात राहिलीं; आणि सुपर फॉस्फेट करण्याचा कारखाना आपल्या देशांत निघावयास १९०६ साल उजाडलें. तो मद्रासकडे राणीपेट येथें निघाला. आपल्या बाजूस धरमसी मोरारजी कंपनी १९१९ सालीं स्थापन झाली आणि तिनें अंबरनाथ येथें हा माल काढला.

हाडांचा हा व्यापार चालूं असतांच पुण्याच्या आसपास एक निराळाच प्रयोग रुजत होता, आणि माझ्या मतें आपल्या विषयाचा खरा जीव त्यांत आहे. त्याचें नांव सोनखत. नगरपालिकेनें शहरांतील मैला गोळा करावयाचा, शहराचा केरकचरा जाळून त्याची राख करावयाची, आणि मैला व राख यांचे थर देऊन उन्हांत वाळवून खत तयार करावयाचें. राखेनें ओल शोषली जाई, दुर्गंधि दबे, आणि स्वतःचें स्फुरद व पालाश ती त्यांत मिसळून देई. आरंभीं शेतकरी या मालाला शिवेना. जातीचा प्रश्न होता, सोंवळ्याचा प्रश्न होता, देवाला नैवेद्य दाखवावयाच्या गुळाचा प्रश्न होता. परंतु मुठेच्या कालव्याचें पाणी आलें, ऊस वाढला, आणि उसाला खत किती लागतें हें ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचें सांगावयास नको. होतां होतां मागणी इतकी वाढली कीं माल पुरेना. सासवडकडील माळी बागाइतदार या भारी खताच्या शेतींत तरबेज झाले. आणि पुढें नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या गोदावरी कालव्यांवर कोपरगांवच्या बाजूस ऊस उभा राहिला तेव्हां तेथेंहि हीच मंडळी आपलें कसब घेऊन आली. तो बंधारा आपल्या निफाड तालुक्यांत आहे, हें येथें नमूद करून ठेवतों. त्याच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

सोनखताची ही कथा ऐकतांना मन प्रसन्न होतें. विटाळ सुटला, शेत पिकलें, नगरपालिकेच्या तिजोरींत चार पैसे पडले. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणें हा अप्रामाणिकपणा होईल. तो मैला गोळा कोणी केला? शेतकऱ्याचा विटाळ सुटला तो वाळलेल्या खताचा. ओला मैला ज्यांच्या डोक्यावरून आणि हातांतून रोज गेला त्या भंगी बांधवांचा विटाळ सुटला नाहीं. त्यांच्या वाट्यास सोन्याचा कणहि आला नाहीं. आज कोणी जुन्या काळाचें गुणगान करूं लागला कीं पूर्वीं सर्व कांहीं जमिनीकडे परत जात असे, तर त्याला हा प्रश्न अवश्य विचारावा. हातानें मैला उचलण्याची प्रथा कायद्यानें बंद करावयास आपणांस १९९३ साल लागलें, आणि तोहि कायदा पुरेसा न ठरल्यामुळें २०१३ सालीं दुसरा करावा लागला.

हा प्रश्न ज्यांनीं मनावर घेतला त्यांत कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धन यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून त्यांनीं १९३२ सालीं उपोषण केलें. पुढें कणकवलीजवळ गोपुरी आश्रमांत त्यांनीं अशा संडासाचे प्रयोग चालविले कीं ज्यांत मैल्याला हात न लावतां त्याचें खत व्हावें. खत आणि माणुसकी या दोन गोष्टी एकाच खड्ड्यांत साधावयाच्या, असा त्यांचा खटाटोप होता. देहू येथें डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनीं तेंच सूत्र पुढें नेऊन संडासाला जोडलेले गोबरवायूचे संच उभारले. २०१७ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

याच सुमाराच्या आणखी दोन प्रयत्नांचा उल्लेख करतों. मुंबईस माटुंग्याला १८९० सालीं निराधार महारोग्यांसाठीं आश्रयस्थान निघालें, त्यामागें म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांचा पुढाकार होता. तेथील सांडपाण्यावर शेती करण्यांत आली, आणि १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकींतून निघणारा ज्वालाग्राही वायु गोळा करून वापरण्याचाहि प्रयोग झाला. हे ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारेच गृहस्थ! पोवाडे आणि सांडपाणी या दोन्ही गोष्टी जपून ठेवण्याजोग्या आहेत असें वाटणारा अधिकारी विरळाच. दुसरा प्रयत्न होळकरांच्या इंदुरांतला. सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनज्ञ यशवंत वाड यांनीं तेथें शेतांतील टाकाऊ वस्तूंचें खत करण्याची जी पद्धति बसविली ती इंदूर पद्धति म्हणून जगभर गेली. १९३१ सालीं निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीं नांवें आहेत. हॉवर्डांचें नांव लोक घेतात, वाडांचें विसरतात.

मग शहरांत नळ आले, पाण्यानें धुणारे संडास आले, आणि गटारें जमिनीखालीं गेलीं. आरोग्याच्या दृष्टीनें हें वरदानच. पटकी आणि विषमज्वर यांनीं ओस पडलेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं ते त्याविरुद्ध एक शब्दहि काढणार नाहींत. पण जें राखेंत मिसळून शेतावर जात होतें तें आतां पाण्यांत मिसळून नदीला व समुद्राला मिळूं लागलें. मुंबईचें बरेंचसें तर वरळी आणि वांद्रे येथील लांबलचक नळांतून सरळ समुद्रांत सोडलें जातें.

नाशिकचा हिशेब आपण स्वतःच मांडून पाहूं. २०११ च्या शिरगणतींत नाशिक शहराची वस्ती १४,८६,०५३ भरली. भारतीय आहारावर राहणाऱ्या मनुष्याच्या मलमूत्रांतून वर्षाकांठीं सुमारें ४०० ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, आणि त्यांतला मोठा भाग मूत्रांतून जातो. ब्रांटचा पिवळा तर्क अगदींच वांया गेला नव्हता. या मापानें त्या वस्तीचा वर्षाचा फॉस्फरस सुमारें ५९० टन होतो. डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणींत फॉस्फरस म्हणून मोजला तर सुमारें दहा किलो असतो. म्हणजे त्या वर्षींच्या नाशिककरांनीं जवळजवळ ५९,००० गोण्यांइतकें स्फुरद सोडून दिलें! हा सर्वच्या सर्व मैला गटारांत येत नाहीं, आणि येतो तोहि सगळा हातीं लागत नाहीं, हें मला मान्य आहे. तरी आंकड्याचा आकार ध्यानांत यावा म्हणून तो सांगितला.

त्यांतलें बरेंचसें जातें कोठें, हें निफाडकरांस पुस्तकांत पाहण्याचें कारण नाहीं. तपोवन आणि आगरटाकळी येथें शुद्धीकरणाचीं केंद्रें आहेत. परंतु साध्या शुद्धीकरणानें पाण्याची घाण कमी होते, स्फुरद बरेंचसें पाण्यांतच राहतें. तें गोदावरीच्या प्रवाहांतून खालीं येतें आणि पाणवेलींना पोसतें. सायखेड्याच्या पुलाशीं त्या हिरव्या चटईचे ढीग अडकलेले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांनीं स्फुरद डोळ्यांनीं पाहिलें असेंच म्हटलें पाहिजे. पुढें कादवा आणि गोदावरी यांच्या संगमावर तोच नांदूर-मधमेश्वरचा बंधारा. त्याच्या मागें सांचलेल्या गाळाच्या पाणथळीवर हजारों पक्षी उतरतात, आणि २०२० सालीं रामसर करारान्वयें तिला जागतिक महत्त्वाचें पाणथळ स्थान म्हणून मान्यता मिळाली. ज्या बंधाऱ्याच्या कालव्यांवर एके काळीं खताच्या जाणकार बागाइतदारांनीं ऊस उभा केला त्याच बंधाऱ्यामागें आज शहराचें खत फुकट कुजत पडलें आहे. द्राक्षबागेसाठीं तेंच द्रव्य पिंपळगांवकर पैसे मोजून आणतो.

आतां परदेशांत काय चाललें आहे तें थोडक्यांत पाहूं. सांडपाण्यांत लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार मिसळले असतां, अथवा विशिष्ट जंतूंना योग्य परिस्थितींत वाढविलें असतां, स्फुरदाचा बहुतेक भाग पाणी सोडून गाळांत उतरतो. हा गाळ दाबून पिळला तरी त्यांत तीनचतुर्थांशांच्या आसपास पाणी राहतें. तो तापलेल्या वाळूच्या उसळत्या थरांत, साडेआठशें अंशांच्या वर उष्णतेंत जाळतात. रोगजंतु मरतात, औषधांचे अवशेष जळतात, नत्र उडून जातो, आणि मागें लालसर राख राहते. त्या राखेंत शेंकडा पांच ते दहा भाग फॉस्फरस असतो. खाणींतील चांगल्या खडकांत तो शेंकडा तेरा ते पंधरा भाग असतो. म्हणजे शहराखालींच एक हलक्या प्रतीची खाण आहे.

परंतु ही राख राबाच्या राखेसारखी उचलून शेतांत टाकतां येत नाहीं. एक तर तींतलें स्फुरद हाडांतल्यासारखेंच बांधलेलें असतें. दुसरें, शहराच्या गटारांत जें जें जातें तें तें तींत उतरतें : तांबें, जस्त, शिसें आणि सर्वांत वाईट म्हणजे कॅडमियम. म्हणून लॉजनें हाडांवर केलें तेंच, पण पुष्कळ अधिक काळजीनें, करावें लागतें. राख आम्लांत विरघळवावयाची, चुन्याचा भाग जिप्सम म्हणून वेगळा काढावयाचा, जड धातु गाळून घ्यावयाचे, आणि मागें स्वच्छ फॉस्फोरिक आम्ल ठेवावयाचें. लोखंड-ॲल्युमिनियमचे क्षारहि परत मिळतात आणि पुन्हां सांडपाण्याच्या कामीं येतात. जपानांतील गिफू शहरानें निराळी वाट धरली. तेथें २०१० पासून राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत भिजवून स्फुरद ओढून घेण्यांत येऊं लागलें आणि चुना घालून त्याचें खत करण्यांत येऊं लागलें. या कृतींत जड धातु बहुतांशीं राखेंतच राहतात. जपानला स्वतःच्या खाणी नाहींत, आणि २००८ सालीं फॉस्फेटच्या खडकाचा भाव एकाएकीं कित्येक पटींनीं चढला व चीननें निर्यातीवर जबर कर बसविला, तेव्हांचा चटका तो देश विसरला नाहीं.

जर्मनीनें २०१७ सालीं नियम केला : एक लाखाहून अधिक वस्तीचा मैला घेणाऱ्या केंद्रांनीं २०२९ पासून, आणि पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या केंद्रांनीं २०३२ पासून, गाळांतील स्फुरद परत मिळविलेंच पाहिजे. यांतला पहिला मोठा कारखाना कोणत्या शहरांत उभारण्यांत आला? हँबुर्गमध्यें! वर्षाला सुमारें वीस हजार टन राखेपासून सात हजार टन आम्ल काढण्याच्या हिशेबानें त्याची योजना झाली. ब्रांटनें ज्या गांवांत मूत्र आटविलें त्याच गांवानें साडेतीनशें वर्षांनीं तोच उद्योग मोठ्या प्रमाणावर आरंभिला. काम मात्र सुरळीत झालें असें समजूं नये. कारखाना बांधून चालता करतांना त्याला ठरल्यापेक्षां अधिक वेळ लागला.

मग नाशिकनें असें करावें काय? मला विचाराल तर आज लगेच भट्टी बांधूं नये. ओला गाळ जाळण्यास इंधन लागतें, आणि भट्टीचा खर्च नगरपालिकांना पेलवणारा नाहीं. आम्लाचा कारखाना तर एका शहराच्या राखेवर चालणार नाहीं. दहापांच शहरांची राख एकत्र आणावी लागेल. गाळांत नत्र आहे, सेंद्रिय अंश आहे, आणि आमच्या जमिनीला त्याची फार जरूर आहे. तो धुरांत घालविणें हें व्होल्करांच्या गोवरीसारखेंच. गाळ निर्जंतुक करून सरळ शेतांत देण्याचाहि मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानें बडोद्यास १९९२ पासून गाळावर किरणांचा मारा करण्याचा संच सुरू झाला, आणि अहमदाबादेस २०१९ सालीं त्याहून मोठा निघाला. परंतु किरणांनीं जंतु मरतात, कॅडमियम मरत नाहीं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील धातूंचें पाणी घरगुती गटारांत शिरूं न देणें हें पहिलें काम. तें न केलें तर पुढें गाळ सरळ वापरा कीं जाळा, दोन्ही वाटा बिघडतात.

आणि कोठें गाळ जाळावयाचाच ठरला तर एवढें पथ्य पाळावें कीं तो कचऱ्याबरोबर किंवा सिमेंटच्या भट्टींत जाळूं नये. सिमेंटमध्यें गेलेलें स्फुरद भिंतींत कायमचें चिणलें गेलें. एकटाच जाळलेल्या गाळाची राख मात्र कोरड्या जागीं वेगळी सांठवितां येते. जर्मनीच्या नियमांतहि तशी मुभा ठेवलेली आहे. पुढच्या पिढीस खडक महाग पडला आणि कृति स्वस्त झाली तर तिला ती उकरून काढतां येईल.

राहतां राहिला आमचा द्राक्षबागाइतदार. आम्लांतून शुद्ध होऊन आलेलें स्फुरद खाणींतल्या स्फुरदाहून रसायनदृष्ट्या तिळभरहि निराळें नसतें. कॅडमियमच्या बाबतींत तर कित्येक खाणींच्या खडकापेक्षां तें स्वच्छ निघूं शकतें. पण ही गोष्ट त्याला पटणें निराळें आणि त्याच्या गिऱ्हाइकाला पटणें निराळें. २०१० सालीं युरोपांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सांपडल्यावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हां बागाइतदारांनीं जें सोसलें तें अजून कोणी विसरलेलें नाहीं. ज्या पदार्थाकडे तोंवर कोणाचें फारसें लक्ष नव्हतें त्याच्यापायीं हंगाम गेला. पुण्याच्या ऊसकऱ्याला सोनखत घेतांना शेजाऱ्याची भीति होती आणि ती दोनचार वर्षांत उडाली. पिंपळगांवच्या बागाइतदाराला रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेची भीति आहे. राखेच्या खताची गोणी त्याच्या दारीं कधीं आलीच, तर तिच्यावर भावाच्या आधीं तो धातूंचा दाखला पाहील, आणि तो दाखला कोणत्या प्रयोगशाळेचा आहे हेंहि विचारील.